ब्लॉकवरचा नंबर



दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक गाडी येते, तेव्हा लहानथोर सगळे टाचा उंचावून बघतात. ती गाडी जर्मन. तिचं घराणं सर्वांना ठाऊक आहे, कुणी तिला ओळखपत्र विचारत नाही. पण आपल्या जिल्ह्यात गोठ्याच्या कडेला, उसाच्या बांधावर, गॅरेजच्या मागच्या पत्र्याखाली ज्या जुन्या गाड्या निघतात, त्यांतल्या पुष्कळ अमेरिकन वंशाच्या. त्यांना मात्र ओळखावं लागतं. ते ओळखण्यात माझं आयुष्य गेलं आणि एक चूकही झाली. आज त्या दोन्हींबद्दल बोलायचं आहे.

या गाड्या इकडे आल्या कशा? फोर्डची भारतातली कंपनी १९२६ साली मुंबईत निघाली. १९२८ साली जनरल मोटर्सनं शिवडीला शेव्हरोलेची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ, डिसोटो रस्त्यावर आणल्या. महिंद्र मंडळीही विलिस जीप जुळवू लागली. शिवाय महायुद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेल्या जीपगाड्या होत्याच.

मी १९७४ साली शिवाजी उद्यमनगरातल्या एका रिबोअरिंगच्या दुकानात हेल्पर म्हणून लागलो. आमचे मिस्त्री फार शिकलेले नव्हते, पण इंजिन आलं की ते पहिल्यांदा रॉकेलचा बोळा माझ्या हातात द्यायचे. "आधी पूस, मग वाच, मग हात लाव," एवढंच त्यांचं शिक्षण.

वाचायचं काय? ब्लॉकवर दोन प्रकारचे आकडे असतात. एक उठावाचे. ते साच्यातच असतात, ओतकामाबरोबर येतात. दुसरे पंच मारलेले, म्हणजे खोलगट. ते इंजिन तयार झाल्यावर मारतात. उठावाचा आकडा त्या ब्लॉकची जात सांगतो, खोलगट आकडा त्या एकट्या इंजिनाचं नाव सांगतो. जनरल मोटर्सच्या ओतकामावर बहुधा तारीखही सापडते. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं एल म्हणजे डिसेंबरपर्यंत. पुढे दिवस आणि शेवटी वर्षाचा एकच आकडा. आता शेवटी सात असेल, तर १९३७ की १९४७? ते दुसऱ्या खुणांवरून ठरवायचं.

फोर्डचं व्ही-एट १९३२ साली आलं. त्यात १९३६ पर्यंत पाण्याचे पंप हेडवर होते, १९३७ पासून ते ब्लॉकवर आले. आधीच्या हेडला एकवीस स्टड, १९३८ नंतरच्याला चोवीस. शेव्हरोलेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात बाजूचं पत्र्याचं झाकण प्लगांच्या भोवती वरपर्यंत गेलं असेल, तर ते जुन्या बांधणीचं. त्या काळच्या २१६ घनइंची इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडला व्हाइट मेटल ओतून भरावं लागतं, तयार बेअरिंग बसत नाही. गिऱ्हाइकानं मुंबईहून तयार बेअरिंग मागवून पैसे घालवू नयेत, म्हणून हे आधी ओळखायचं.

नटबोल्टसुद्धा बोलतात. अर्धा इंची जाड आट्याचा बोल्ट घ्या आणि थ्रेड गेज लावा. इंचाला बारा आटे भरले तर तो इंग्लिश, तेरा भरले तर अमेरिकन. इंग्लिश बोल्ट अमेरिकन भोकात दामटला, की आटे गेलेच.

आता चुकीची गोष्ट. १९८१ च्या उन्हाळ्यात गडहिंग्लजकडचे एक शेतकरी जीप घेऊन आले. पेट्रोल परवडत नव्हतं. त्या काळी जीपला डिझेल इंजिन बसवायची लाटच होती. मिस्त्री तेव्हा थकून घरी बसले होते, दुकान मी बघत होतो. मी बोअर मोजला. तो आधीच साठ थाऊ वाढवलेला. स्लीव्ह ठोकून तो पुन्हा मूळ मापावर आणता आला असता. पण आमच्याकडे एक जुनं डिझेल इंजिन विक्रीला पडून होतं. मी म्हणालो, "पाव्हणं, ह्यात काही राहिलेलं नाही." उतरवलेलं इंजिन वर्षभर कोपऱ्यात पडलं, मग भंगारात गेलं. आपलं गाव फाउंड्रीचं. बिडाचा ब्लॉक घणानं फोडायचा आणि क्युपोलात टाकायचा, इथे ते रोजचंच. त्याचं पुढे काय झालं असेल? कुठल्या तरी पंपाचं केसिंग.

२०२२ साली त्या शेतकऱ्यांचा मुलगा माझ्याकडे आला. वडील वारले होते. २०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. तो म्हणाला, "काका, आजोबांनी लिलावात घेतलेली जीप आहे. मूळ इंजिन तुमच्याकडे उतरवलं होतं, असं बाबा सांगायचे."

आम्ही गाडी धुतली. पुढचा आडवा दांडा गोल पाइपाचा नव्हता, चॅनेलचा होता. विलिसनं गोल पाइप वापरला, फोर्डनं चॅनेल. बोल्टांच्या डोक्यावर एफ हे अक्षर. डाव्या चासीपट्टीवर वरून पंच मारलेला नंबर निघाला, सुरुवात जी.पी.डब्ल्यू. म्हणजे फोर्डनं युद्धासाठी बांधलेली जीप. फोर्ड कारखान्यात चासीवर आणि इंजिनावर एकच नंबर मारत असत. मी घरून १९८१ ची वही आणली. बोअर मोजताना लिहिलेला इंजिन नंबर तिच्यात होता. दोन्ही नंबर आकड्याला आकडा जुळले. जवळजवळ चाळीस वर्षं जोडी टिकली होती, ती मी मोडली होती. मी त्याला सगळं सांगितलं, डिझेल इंजिन विकायचं होतं हेसुद्धा. तो बराच वेळ बोलला नाही.

पुढे शोधाशोध करून आम्हाला एक युद्धकाळातला ब्लॉक मिळाला. नंबराच्या सुरुवातीला एम.बी., पुढचं झाकण काढलं तर टायमिंगला साखळी. नंतरच्या इंजिनांत गिअर आले. म्हणजे तो विलिसचा, अस्सल. मुलगा म्हणाला, "काका, नंबर तर तुमच्या वहीत आहेच. हा घासून तो पंच मारला, तर कुणाला कळणार?"

श्रोतेहो, मला त्याचं देणं होतं आणि हात शिवशिवत होते. पण मी नाही म्हणालो. तो गुन्हा आहे, हे एक. दुसरं म्हणजे एक खरा नंबर मी वितळू दिला होता. दुसरा घासून पहिला परत येणार नव्हता. तो रागावून गेला. तीन आठवड्यांनी परत आला आणि म्हणाला, "बसवा, त्याच्या नंबरानं." मजुरी मी घेतली नाही. कागदावर इंजिन बदलल्याचं स्पष्ट लिहिलं. व्हिंटेजचा निर्णय परिवहन कार्यालयाचा.

तुमच्या दारात अशी गाडी असेल, तर एक करा. ब्लॉक आणि चासी रॉकेलनं पुसा, पॉलिश पेपर मारू नका. आकडे उतरून घ्या, फोटो काढा आणि कागद नोंदणीपुस्तकाबरोबर ठेवा. मग हवं तर गाडी विका, हवं तर ठेवा. मिस्त्री म्हणायचे तसं, आधी पूस, मग वाच. मी त्या दिवशी आकडे वाचले होते, वहीत लिहिलेही होते. फक्त त्यांचा अर्थ विचारला नव्हता.