जोखमीचे शास्त्र आणि वणीचा पदवीधर



वणी तालुक्याच्या नकाशावर नजर टाकली तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. पूर्वेकडून वर्धा नदी तालुक्याची सीमा आखीत जाते आणि तिच्याच बाजूने उकणी, निलजई, मुंगोली अशा कोळशाच्या खाणी पसरल्या आहेत. उरलेल्या काळ्या जमिनीत कपाशी उभी असते. पाऊस लांबला म्हणजे शेतकरी चिंतेत पडतो. पाऊस अति झाला म्हणजे शेतकरी आणि खाणीचा व्यवस्थापक, दोघांचीही झोप उडते. अशा परिसरातील सुशिक्षित तरुणाने एका नव्या अभ्यासविषयाकडे लक्ष द्यावे, यासाठी हे विवेचन आहे.

एखाद्या उद्योगापुढील वा संस्थेपुढील सर्व धोके एकत्र मांडावयाचे, प्रत्येकाची शक्यता आणि परिणाम यांचा अंदाज घ्यावयाचा आणि कोणता धोका टाळावयाचा, कोणता कमी करावयाचा, कोणता विम्याकडे सोपवावयाचा व कोणता पत्करावयाचा हे ठरवावयाचे, याला सर्वंकष जोखीम व्यवस्थापन म्हणतात. एवढे करूनही संकट आलेच, तर अत्यावश्यक काम किती वेळात आणि कोणत्या किमान साधनांवर पुन्हा सुरू होईल याची आगाऊ तजवीज करणे, हे कामकाजाच्या सातत्याचे शास्त्र. या दोन्ही शाखांची आंतरराष्ट्रीय मानके अनुक्रमे २००९ व २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि परदेशातील विद्यापीठांत पदवीनंतरच्या अभ्यासक्रमांत त्यांना स्थान मिळाले.

नाव नवे असले तरी वस्तू नवी नाही. विदर्भातील शेतकरी कपाशीत तुरीचे तास टाकतो, तेव्हा तो हेच करीत असतो. एक पीक गेले तरी दुसरे घर चालवील, असा तो हिशेब आहे. मात्र हा हिशेब एका शेतापुरता पुरतो; शेत, खाण, वीज, दवाखाना आणि रस्ता एकमेकांत गुंतले की तो अपुरा पडतो.

खाणींचेच उदाहरण घ्यावे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला खाणीत पाणी घुसून ३७० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. पाणी साठलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीवाचून काम करू नये, असे १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत अगोदरच नमूद होते. म्हणजे नियम छापलेला असणे आणि धोका ओळखलेला असणे यांत अंतर राहते. हे अंतर कमी व्हावे म्हणून २०१७ च्या विनियमांनी प्रत्येक खाणीस स्वतःच्या धोक्यांचा शोध घेऊन सुरक्षा व्यवस्थापन योजना तयार करण्याचे बंधन घातले. नियमपालनाकडून धोका-मूल्यमापनाकडे झालेला हा बदल कागदावर लहान दिसतो. प्रत्यक्षात त्यासाठी वेगळे शिक्षण घेतलेली माणसे लागतात.

वणीकडील बहुतेक मोठ्या खाणी उघड्या आहेत. पावसाळ्यात पाणी तळाशी जमते आणि पंपांनी उपसावे लागते. पंपांना वीज लागते, वीज कोळशावर तयार होते आणि कोळसा त्याच पाण्याखाली असतो. ही साखळी किती दूर पोहोचते हे २०२१ मध्ये दिसून आले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कोळशाच्या टंचाईमुळे महावितरणला वीज पुरविणारे १३ संच बंद पडले आणि ३,३३० मेगावॉटची तूट निर्माण झाली. खाणीत साचलेल्या पाण्याचा परिणाम असा शेकडो कोसांवरील पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन पोहोचू शकतो.

दुसरे उदाहरण अधिक वेदनादायक आहे. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव होता, कपाशी डोक्याच्या उंचीची झाली होती, वेगवेगळी औषधे एकत्र मिसळली जात होती आणि अंगावर संरक्षक पोशाख नव्हता. यांतील प्रत्येक गोष्ट कोणाला ना कोणाला ठाऊक होती. बियाण्याची कृषी खात्याला, औषधाची दुकानदाराला, चक्कर येऊन पडलेल्या मजुराची दवाखान्याला. या सर्व माहितीची बेरीज वेळेवर होणे, हाच या शास्त्राचा गाभा आहे. तालुक्याच्या रुग्णालयात एकाच आठवड्यात फवारणीचे चार रुग्ण आले, तर ती बातमी कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर त्याच दिवशी पोहोचावयास हवी. तेथे विलंब झाला तर माणसे जातात.

पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी २०२२ चा पावसाळा आठवावा. त्या जुलैत वर्धेच्या पुराने वणी तालुक्यातील नदीकाठच्या गावांना वेढा घातला. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. सुटकेचे व मदतीचे काम या चौकटीतून चालते. पण पाणी ओसरल्यानंतरचे प्रश्न गावाचे असतात. नळयोजनेचा पंप चिखलात गेला तर पिण्याचे पाणी कोठून आणावयाचे? जन्ममृत्यूच्या नोंदवह्या व कर आकारणीचे दप्तर कोणत्या उंचीवर ठेवले आहे? पूरग्रस्तांना शाळेत ठेवावयाचे हे प्रत्येक गावात गृहीत असते. मग शाळा किती दिवस बंद राहील आणि मुले कोठे शिकतील, हे बहुधा कोणीच लिहून ठेवीत नाही. सातत्याची योजना म्हणजे हेच लिहून ठेवणे. दोन पाने पुरतात, फक्त ती दरवर्षी मे महिन्यात वाचली गेली पाहिजेत.

या विषयाच्या शिक्षणाची सोय महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्तीविषयक अभ्यासाची स्वतंत्र शाखा असून तेथे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पुण्यात राष्ट्रीय विमा अकादमी विम्याच्या अंगाने जोखीम शिकविते, तर यशदा संस्था शासकीय सेवकांना आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देते. नागपूर तर वणीकरांना जवळचेच. तेथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. नोकरी न सोडता शिकू इच्छिणाऱ्या शिक्षकाला वा ग्रामसेवकाला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या पदव्युत्तर पदविकेचा मार्ग आहे. रोजगाराचाही प्रश्न उरलेला नाही. सेबीने २०२१ मध्ये शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना जोखीम व्यवस्थापन समिती नेमणे बंधनकारक केले आणि सातत्याची योजना तिच्या धोरणाचा भाग ठरविली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. परदेशी क्रमिक पुस्तकांतील उदाहरणे बँकांची व संगणक केंद्रांची असतात. ती पाठ करून आलेला पदवीधर मुंबईतील कार्यालयात शोभेल. पण वणीच्या जिनिंग कारखान्यात रुईच्या गंजीला आग लागू नये म्हणून काय करावे, हे त्याला सुचेलच असे नाही. म्हणून वाणिज्य वा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रवेशाची वाट न पाहता शेवटच्या वर्षाचा प्रकल्प एखाद्या नदीकाठच्या ग्रामपंचायतीवर करावा. पुराची जुनी पातळी म्हाताऱ्यांना विचारून भिंतीवर खूण करावी, पंप व रोहित्र त्या खुणेच्या वर आहेत की खाली हे मोजावे, आणि ते टिपण ग्रामसभेत वाचून दाखवावे. ग्रामसेवकाने त्याची एक प्रत तहसील कार्यालयाकडे पाठविली, तर पुढील पावसाळ्यापूर्वी रोहित्र हलविण्याचा प्रस्ताव त्या टिपणाच्या आधारे करता येईल.