क्ष-किरण प्रतिमांचा संगणकीय संग्रह : एक विनंती
(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



रुग्णालयात नवे यंत्र आले की त्याचे उद्घाटन होते, दात्याच्या नावाची पाटी लागते. त्या यंत्राने काढलेल्या प्रतिमा पुढे कोठे राहतात, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज आम्ही त्याविषयी बोलणार आहोत.

पिंपळे सौदागर हे पवनाकाठचे गाव आता नोकरदारांचे उपनगर झाले असले, तरी भोसरी-चाकणचे कारखाने येथून दूर नाहीत. ओतशाळेत साच्यांची वाळू हाताळणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसात सिलिकाची सूक्ष्म धूळ साचत जाते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बहुधा १० किंवा अधिक वर्षांनी प्रकट होतो आणि त्याने झालेली हानी भरून येत नाही. कायद्यानुसार या आजाराची सूचना शासनाला देणे बंधनकारक आहे. परंतु छातीच्या चित्रातील डाग धुळीचा, क्षयाच्या जुन्या व्रणाचा की नव्या विकाराचा, हे ठरविताना डॉक्टर प्रथम विचारतात, "जुनी फिल्म आहे का?" दरम्यान ठेकेदार बदललेला असतो, भाड्याची खोली बदललेली असते, फिल्म पावसाळ्यात चिकटून गेलेल्या असतात. मग तपासण्या पुन्हा, खर्च पुन्हा आणि काळजीही पुन्हा.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचारांच्या आरंभापासून ३ वर्षे जपाव्या लागतात. नियमाची मुदत ३ वर्षांची आणि आजाराची १० वर्षांची! मधल्या वर्षांची जपणूक हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

तंत्राची अडचण आता फारशी उरलेली नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायकॉम मानकामुळे एका कंपनीच्या यंत्रावरील प्रतिमा दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडते आणि रुग्णाचे नाव, क्रमांक व दिनांक प्रतिमेच्या फाइलमध्येच राहतात. सीटी स्कॅनचा एक छेद सुमारे अर्धा मेगाबाइट जागा घेतो. म्हणजे ५०० छेदांच्या तपासणीला साधारण २५० मेगाबाइट पुरतात. खरी कसोटी निराळी आहे. 'सुनीता' आणि 'सुनिता' अशा दोन नोंदी झाल्या, किंवा विवाहानंतर आडनाव बदलले, की प्रतिमा संग्रहात असूनही हरवते. म्हणून प्रत्येक रुग्णास एकच कायम क्रमांक हवा, नोंदी तपासणारा जबाबदार माणूस हवा, दुसरी प्रत निराळ्या इमारतीत हवी आणि कोणती प्रतिमा कोणी पाहिली याची नोंदही हवी.

या कामावर दात्याच्या नावाची पाटी लावता येत नाही. त्याचा खर्चही दरवर्षी येतो. तरीही आपल्या दानाचा काही अंश त्यासाठी द्यावा, ही नम्र विनंती. आप्तजनांनीही घरातील जुन्या फिल्म टाकून न देता येताना सोबत आणाव्यात आणि रुग्णाचा क्रमांक जपून ठेवावा.

१० वर्षांनी एखादा कामगार तपासणीस येईल, तेव्हा त्याची जुनी प्रतिमा डॉक्टरांसमोर असावी, एवढीच आमची इच्छा आहे.