कामगार अधिकाऱ्याची परीक्षा



आजच्या विषयाचे नाव वाचून काही नेहमीच्या श्रोत्यांनी घरीच राहणे पसंत केले असल्यास आम्ही त्यांना दोष देणार नाही. परंतु समोर तरुण मंडळी बरीच दिसतात, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या पिशवीत याच परीक्षेची पुस्तके असावीत. पूर्वी जिला कामगार कल्याण अधिकाऱ्याची परीक्षा म्हणत आणि हल्ली जिला जो तो 'एचआर'ची परीक्षा म्हणतो, तीच ही. आम्ही ती दिली आहे, पुढे अनेकांकडून तिची तयारीही करून घेतली आहे. या तयारीत काय राहून जाते, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम हे पद जन्मास कसे आले ते पाहू. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी माणूस कामावर घ्यायचा की नाही, हे साहेब ठरवीत नसे, जॉबर ठरवीत असे. त्याच्या हातावर दस्तुरी ठेवल्यावाचून साच्यावर उभे राहता येत नसे, आणि एकदा उभे राहिल्यावरही ती चुकत नसे. स्त्रियांच्या खात्यात हाच अधिकार नायकिणीकडे असे. 1929 साली व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कामगार आयोगाने 1931 च्या अहवालात यावर उपाय सुचविला, तो असा की कारखान्यात स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावा आणि नोकरभरती त्याच्या हाती द्यावी. म्हणजे हे पद निर्माण झाले ते गरिबाच्या पोटावरचा एका माणसाचा हात दूर करण्यासाठी. ज्याने हे ध्यानात घेतले नाही त्याने पुस्तकाचे पहिले पानच वाचले नाही, असे आम्ही म्हणू.

पुढे शिक्षणाची सोय झाली. 1936 साली मुंबईत टाटांच्या देणगीतून समाजकार्याची शाळा निघाली, 1947 साली सरकारने मुंबईतच कामगारविषयक संस्था काढली. 1948 च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. इंग्लंडातही गोष्ट फारशी निराळी नाही. 1913 साली यॉर्क येथे कल्याणकार्य करणाऱ्या मूठभर मंडळींनी संघ स्थापला, आणि त्याच संघाच्या वारस संस्थेला 2000 साली राजसनद मिळाली. व्यवसायाला प्रतिष्ठा आली, तसे प्रमाणपत्रालाही मोल आले.

आता तयारीविषयी. पहिली गोष्ट, जुन्या टिपणांवर विसंबू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून एकोणतीस जुने कायदे मिळून चार संहिता अंमलात आल्या आहेत. वेतनाची एक, औद्योगिक संबंधांची दुसरी, सामाजिक सुरक्षेची तिसरी आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य यांची चौथी. पाचशेची जी अट आम्ही घोकली ती आता अडीचशेवर आली आहे. थोरल्या भावाची वही धाकट्याने वापरावी हा आपल्याकडील चांगला रिवाज आहे, पण येथे तो घात करील.

दुसरी गोष्ट, आकडा पाठ करण्यापूर्वी त्याचे कारण विचारा. ग्रॅच्युइटीचे उदाहरण घ्या. शेवटच्या मासिक पगाराला सव्वीसने भागावे, पंधराने गुणावे, आणि नोकरीच्या वर्षांनी पुन्हा गुणावे. हे सूत्र सर्वांना येते. पण महिन्याचे दिवस तीस असता सव्वीस का? कारण चार रविवार वजा केले आहेत. पगार मिळतो तो कामाच्या दिवसांचा, म्हणून एका दिवसाचा पगार काढताना सुट्टीचे दिवस धरावयाचे नाहीत. वीस वर्षे नोकरी झालेल्या आणि सव्वीस हजार पगार असलेल्या माणसाला या हिशेबाने तीन लाख मिळतात. तीसने भागले तर दोन लाख साठ हजार. चाळीस हजारांचा फरक त्या चार रविवारांत आहे. आणि तो रविवार तरी आपोआप मिळाला काय? 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र आणणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी सहा वर्षे त्यासाठी झगडा केला, तेव्हा 1890 साली ती सुट्टी पदरात पडली. सव्वीस हा आकडा असा वाचला म्हणजे तो पुन्हा विसरत नाही.

तिसरी गोष्ट प्रसंगांवरील प्रश्नांची. अमेरिकेत 2015 पासून जी नवी परीक्षा सुरू झाली तिच्यात सुमारे चाळीस टक्के प्रश्न असे असतात की प्रसंग सांगायचा आणि तुम्ही काय कराल हे विचारायचे. अनुभवी माणसांनी जे उत्तर सर्वांत योग्य मानले ते बरोबर. आमच्या वेळी असे प्रश्न नव्हते. ते असते तर एका माणसाचे नुकसान टळले असते, असे आम्हांस अजून वाटते.

ती हकीकत सांगतो. परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन आम्ही एका कारखान्यात रुजू झालो. दोनच महिन्यांत यंत्रखात्यातील एका कामगाराचे खाडे आमच्यापुढे आले. पूर्वसूचनेवाचून सतरा दिवस गैरहजर. आम्ही आरोपपत्र तयार केले. कलम, पोटकलम, मुदत, सारे काही बिनचूक होते. ते त्याला मिळाल्याची सही आहे, उत्तर नाही, चौकशीला तो आला नाही. एकतर्फी चौकशी पुरी झाली आणि त्याला काढून टाकण्यात आले. वरिष्ठांनी आमच्या कागदपत्रांची तारीफ केली.

महिनाभराने तो टाइम ऑफिसपाशी उभा होता. खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाला, "साहेब, हे काय लिहिलंय तेवढं सांगा. आई गेली तवा गावाकडं होतो. परत आलो तर शिपायानं सही घेतली न् हे दिलं. मला वाटलं, रजेचा कागद असंल." आम्ही कागद हाती घेतला. तो आम्हीच लिहिलेला होता, आणि इंग्रजीत होता.

आरोपपत्र आरोपीला समजेल अशा भाषेत असावे, हा नैसर्गिक न्यायाचा नियम आम्हांला पाठ होता. परीक्षेत त्यावर प्रश्नही आला होता आणि आम्ही पानभर उत्तर लिहिले होते. पण कारखान्यातील छापील नमुना इंग्रजीत होता, तो भरताना ते पान आठवले नाही. आम्ही वरिष्ठांकडे गेलो, चूक आपली आहे असे लेखी दिले. चौकशी नव्याने झाली, त्याला कामावर परत घेतले. मात्र मधल्या तीन महिन्यांचा पगार त्याला मिळाला नाही, आणि त्या काळात मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. त्याने आम्हांला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

म्हणून पुढे आमच्याकडे तयारीला येणाऱ्यांना आम्ही एक नेम घालून दिला. प्रत्येक कलम वाचून झाले की ते घरात मोठ्याने मराठीत सांगावयाचे, आणि ज्याला कायद्याचा गंध नाही अशा आपल्या आईला किंवा शेजारच्या काकांना ते कळले पाहिजे. निलंबित कामगाराला पहिले नव्वद दिवस निम्मा निर्वाहभत्ता मिळतो, हे वाक्य पाठ होण्यास दोन मिनिटे लागतात. पण "तेवढ्यात घर कसे चालायचे रे?" असे आई विचारते, तेव्हा चौकशी नव्वद दिवसांत उरकावी असे कायदा का सांगतो, हे कळते. या नेमाने मुले परीक्षेत मागे पडली नाहीत, उलट प्रसंगांवरील प्रश्न त्यांना सोपे गेले.

तरुण मित्रहो, परीक्षा अवश्य द्या, उत्तम गुणांनी द्या. अर्धवट ज्ञानाचा दयाळू अधिकारी हाही कामगाराला महागच पडतो. पण प्रमाणपत्र भिंतीवर लावाल त्या दिवशी टेबलावरचे सारे छापील नमुने एकदा काढून पाहा, आणि ज्यांच्या हाती ते पडणार आहेत त्यांना ते वाचता येतात की नाही, हे त्यांनाच विचारा. आमची परीक्षा त्या टाइम ऑफिसच्या दारात झाली आणि तीत आम्ही नापास झालो. तुमच्यावर ती पाळी न येवो.