शिक्षकाची पदवी



मठाच्या या मंगल प्रसंगी शिक्षकाच्या पदवीविषयी बोलणे कोणास काहीसे रूक्ष वाटेल. परंतु सत्तरीतील कित्येक घरांची पुंजी या पदवीपायी वेचली जात आहे, म्हणून हा विषय मी निवडला.

पोर्तुगीज अमदानीत आपल्या गावांतून मराठी शिकविणाऱ्या पंतोजींपाशी विद्यापीठाची पदवी क्वचितच असे. देवळाच्या अग्रशाळेत वा एखाद्याच्या पडवीत शाळा भरे, आणि अक्षर मात्र मोत्यासारखे वळे. मुक्तीनंतर १९६२ साली पणजीत व मडगावात महाविद्यालये निघाली. १९८५ साली गोव्याचे स्वतःचे विद्यापीठ झाले. आता तर वाळपईच्या मुलास साखळीला जाऊन पदवी घेता येते.

वाट जवळ आली, पण तिला फाटे फुटले. पहिली ते पाचवीस शिकवावयाचे तर बारावीनंतर दोन वर्षांची प्राथमिक शिक्षणाची पदविका हवी. माध्यमिक वर्गांसाठी आधी पदवी आणि तीवर बी. एड. हवे, २०१५ पासून तेही दोन वर्षांचे झाले आहे. शिवाय २०१० पासून पहिली ते आठवीच्या शिक्षकास पात्रता परीक्षा लागू आहे. मोठी पदवी असली म्हणजे लहान वर्ग आपोआप मिळतो, असा आपला समज असतो. तो खरा नव्हे. २०१८ साली राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने बी. एड. झालेल्यांना प्राथमिक वर्ग खुले केले होते. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मुभा रद्द ठरविली. अगदी लहान मुलांना शिकविण्याचे शास्त्र निराळे आहे, हे न्यायालयाचे म्हणणे मला तरी पटते. पण मधल्या काळात ज्यांनी वाट धरली, त्यांचे काय?

त्यांतलीच एक मुलगी गेल्या उन्हाळ्यात वडिलांसह मजकडे आली. काजूच्या दोन हंगामांचे पैसे तिच्या गुणपत्रिकेत गेले होते. तिला आपल्या वाड्यावरच्या प्राथमिक शाळेतच शिकवावयाचे होते, आणि "बी. एड. कर, सर्व वर्गांना चालेल" असे तिला २०२१ साली सांगणारा मीच होतो. तेव्हा ते खरे होते. तरीही मान वर करून तिच्याकडे पाहणे मला जड गेले. वडील काही बोलले नाहीत. तिने मात्र विचारले, "गुरुजी, सहावी ते आठवीसाठीच्या परीक्षेला मला बसता येईल ना?"

येईल, म्हणालो. त्याच संध्याकाळी आम्ही दोघे अभ्यासक्रम उघडून बसलो.