मोटारीची उंची

मोटारींच्या दुनियेंत अलीकडे 'एसयूव्ही' नांवाच्या गाडीला मोठा मान आहे. अंगकाठी जीपची आणि चाल शर्यतीच्या गाडीची, असें हिचें रूप. अशी गाडी घेतलेल्या पुष्कळ हौशी मालकांना चाक व मडगार्ड यांमधील पोकळी डोळ्यांना खुपते. मग मूळच्या स्प्रिंगा काढून आंखूड व कडक स्प्रिंगा बसवितात आणि गाडी तीस-चाळीस मिलिमीटर खालीं उतरवितात. ही हौस चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यप्रदेशांत कितपत परवडेल, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम हौशीच्या बाजूनें जें खरें आहे तें मान्य करूं. गाडी वळते तेव्हां तिचा भार बाहेरच्या चाकांवर झुकतो. हा झुकणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणांत वाढतो व दोन चाकांमधील रुंदीच्या प्रमाणांत घटतो. म्हणून ठेंगणी गाडी वळणावर अधिक स्थिर राहते. पण झाडीपट्टीच्या शेतकऱ्यानें शंकरपटाचा छकडा आणि धान वाहणारी बंडी हीं दोन वाहनें कधीं एक केलीं नाहींत. पटाची वाट आंखलेली असते. बंडीला चाकोरी, बांध आणि नाला ओलांडावयाचा असतो. आपली मोटार या दोहोंपैकीं कोणतें काम करणार, हें आधीं ठरविलें पाहिजे.

त्यासाठीं उंची मोजण्याची रीत ठाऊक हवी. गाडी सपाट फरशीवर उभी करावी. फरशीची सपाटी पाणसळीनें पाहावी. टायरांत कारखान्यानें सांगितलेला हवेचा दाब असावा, गाडींत कोणी बसलेलें नसावें आणि टाकींत इंधन किती आहे तें टिपून ठेवावें. मग गाडी थोडी मागेंपुढें ढकलून, चारी कोपरे हातानें दाबून सोडावे, म्हणजे स्प्रिंगा आपल्या स्वाभाविक जागीं बसतात. आतां चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डाच्या कमानीपर्यंतचें अंतर घ्यावें. जमिनीपासून कमानीपर्यंत मोजूं नये. कारण टायर झिजला किंवा हवा उतरली तर तो आंकडा बदलतो आणि दोष स्प्रिंगेच्या माथीं येतो. चारी अंतरें वहींत लिहावीं. डाव्या-उजव्या आंकड्यांत बरीच तफावत आढळल्यास स्प्रिंग मोडली आहे कीं बसली आहे, हें आधीं पाहावें.

दुसरें माप गाडीच्या पोटाखालील सर्वांत सखल भागापासून जमिनीपर्यंतचें. तिसरें माप बहुतेक जण घेतच नाहींत, आणि खरें महत्त्व त्याचेंच आहे. घरचीं पांच माणसें व सामान घालून पहिलीं दोन्ही मापें पुन्हा घ्यावीं. रिकामी गाडी आपण कौतुकानें पाहतों. प्रवास मात्र भरलेल्या गाडींतून करतों.

याचें कारण असें कीं, चाकाला वर जाण्यास जी जागा असते ती ठराविक असते, आणि तिच्या शेवटीं रबरी ठोकळा असतो. समजा, रिकाम्या गाडींत ही जागा नव्वद मिलिमीटर आहे. माणसें व सामान यांनीं चाळीस खाल्ले, उरले पन्नास. गाडी चाळीसांनीं उतरविली तर उरतात दहा. कडक स्प्रिंग भारानें थोडी कमी दबेल, हें खरें. तरी शिल्लक तुटपुंजीच. मग साध्या खड्ड्यांतही चाक ठोकळ्यावर आदळतें. हें वळणावर घडलें तर चाकाची पकड क्षणभर सुटते. ज्या स्थैर्यासाठीं खर्च केला, तेंच अशा वेळीं हातचें जातें.

आतां पोटाखालच्या अंतराचा हिशेब पाहूं. २०१९ सालीं बाजारांत आलेल्या टाटांच्या हॅरियर गाडीचें हें अंतर २०५ मिलिमीटर सांगितलें गेलें, आणि तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर २७४१ मिलिमीटर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्याचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. अशा गतिरोधकावर चारी चाकें असतांना गाडीच्या मध्याखालीं तो सुमारें ५५ मिलिमीटर वर येतो; म्हणजे १५० उरतात. भाराचे चाळीस आणि उतरविण्याचे चाळीस वजा केले तरी सत्तर राहतात, गाडी पार होते. पण गांवच्या वेशींत कोणी हातानेंच घातलेला, अरुंद व १५० मिलिमीटर उंच असा उंचवटा आला तर? मूळची भरलेली गाडी जेमतेम पंधरा मिलिमीटरांनीं सुटते. उतरविलेली गाडी पंचवीस मिलिमीटरांनीं अडकते, आणि घांव तेलाच्या टाकीवर किंवा धुराच्या नळीवर बसूं शकतो.

हे दोन जिल्हे म्हणजे एका जुन्या चांदा जिल्ह्याचाच विस्तार. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली वेगळा झाला. एकीकडे बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस येथील कोळशाच्या गाड्या, दुसरीकडे एटापल्ली तालुक्यांत सुरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक. अशा ओझ्याखालीं डांबर दबून दोन चर पडतात आणि मध्यें वरंबा राहतो. तो नेमका गाडीच्या पोटाखालीं येतो. पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा संपर्क अनेकदां तुटलेला आहे. पूर असतां पाण्यांत कोणतीच गाडी घालूं नये. पण पूर ओसरल्यावर रस्त्यावर राहिलेला गाळ, दगड व लांकडें हीं ठेंगण्या गाडीला अधिक नडतात. ताडोबाच्या भोंवतालीं जनावर एकाएकीं आडवें येतें, तेव्हां ब्रेक दाबतांच गाडीचें नाक खालीं जातें. त्यालाही जागा लागते. आणि आलापल्लीच्या पुढें रात्रीं गाडी बंद पडणें ही नुसती गैरसोय नव्हे. गाडींत रुग्ण असेल तर तो त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

तरीही ज्यांचा निश्चय कायम असेल त्यांनीं मूळ स्प्रिंगेचे वेढे कापूं नयेत. कापलेली स्प्रिंग चाक खालीं लोंबलें असतां आपल्या बैठकींतून सुटण्याचा धोका असतो. त्या गाडीसाठींच बनविलेला संच घ्यावा आणि त्याला अनुरूप शॉक ॲब्सॉर्बर बसवावे. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतांनाच शेवटचे आंवळावे. नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावें, दिव्यांचा झोत तपासावा, आणि कांहीं शें किलोमीटर चालल्यावर, स्प्रिंगा बसल्या म्हणजे, सर्व मापें पुन्हा घ्यावीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत फेरफारास मनाई करतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ कडकपणें लावला. म्हणून परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांस आधीं लेखी विचारावें.

बहुतेकांना मात्र उंची न घालवितांही बरेंच साधेल. झिजलेले शॉक ॲब्सॉर्बर बदलणें, चांगले टायर, योग्य दाब आणि टपावरचें ओझें कमी करणें, एवढ्यानेंही गाडीचें डोलणें पुष्कळ आटोक्यांत येतें. म्हणून कारागिराकडे जाण्यापूर्वीं एका रविवारीं सबंध कुटुंब गाडींत बसवावें, फूटपट्टी घ्यावी आणि मापें टिपावीं. उतरविण्याइतकी जागा गाडीपाशीं खरोखर शिल्लक आहे कीं नाहीं, हें ते आंकडेच सांगतील.