सव्वा महिन्यानंतर



बाळंतिणीचा सव्वा महिना पाळण्याची आपली रीत फार जुनी आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, अंगाला तेल, शेक-शेगडी, कानाला बांधलेला रुमाल, या साऱ्या शुश्रूषेमागे एक शहाणपण आहे. प्रसूतीने शिणलेल्या देहाला विसावा हवा, हे आपल्या आज्यांनी वैद्यकाचे ग्रंथ न वाचताही ओळखले होते. परंतु सव्वा महिना सरला, की घरच्यांच्या लेखी बाळंतपण संपते. बाळंतीण पुन्हा कामाला लागते. आणि त्यानंतरही तिला दुखत असेल, तर ते कोणाला व कोणत्या शब्दांत सांगावे, हे तिला उमजत नाही.

बाळंतपण अवघड गेले असेल, तर हे दुखणे लांबू शकते. कंबरेची हाडे मागे पाठीच्या कण्याच्या तळाशी आणि पुढे ओटीपोटाखाली सांधलेली असतात. गरोदरपणी हे सांधे सैल होतात. त्यांच्या तळाशी स्नायूंची जणू एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना तिचा आधार असतो. वेणा फार लांबल्या, चिमटा लावावा लागला किंवा जखम खोल गेली, तर ही झोळी ताणली जाते, कधी फाटते; तेथील नसाही दुखावतात. वरची कातडी काही आठवड्यांत सांधते; स्नायूंना व नसांना मात्र कित्येक महिने लागू शकतात. तेव्हा टाके भरले म्हणजे बाई बरी झाली, असे नव्हे.

अशा स्त्रीला अंथरुणात कूस बदलताना, जिना चढताना, मांडी घालून बसताना कळ येते. शिंक आली तरी लघवी आवरत नाही. पतीचा सहवासही वेदनेचा होतो. यांपैकी निम्म्या गोष्टी ती लाजेने बोलत नाही, आणि उरलेल्या बोलली, तर "आम्ही नाही का बाळंत झालो?" हे उत्तर ऐकते. वास्तविक ती एकटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली पुढे मांडलेल्या अभ्यासानुसार जगात दरवर्षी निदान ४ कोटी स्त्रियांना प्रसूतीनंतर दीर्घकाळ टिकणारी एखादी व्याधी जडते.

या दुखण्यावर उपाय आहेत. अमेरिकेतील डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावर लेख प्रसिद्ध केला, आणि त्यांचे नाव त्या व्यायामाला कायमचे चिकटले. मात्र ऐकीव माहितीवर तो करू नये. काही जणींचे स्नायू दुर्बळ झालेले नसतात, तर वेदनेने आखडलेले असतात. त्यांना आवळण्याआधी सैल सोडण्यास शिकावे लागते. हा भेद तज्ज्ञ डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट तपासून सांगू शकतात. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, अतिरक्तस्राव, पोटरीची सूज किंवा धाप, यांपैकी काही दिसले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रसूतीतून उद्भवलेल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंत अधिक पगारी रजा देण्याची तरतूद आपल्या कायद्याने १९६१ सालीच केली. बाळंतपणाचे दुखणे ठरल्या मुदतीत संपतेच असे नाही, हे कायद्याला उमगले. ते घरालाही उमगावे.

आशाताई बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, तेव्हा बाळाचे वजन होते. त्याच वेळी बाळंतिणीने आपले दुखणे मोकळेपणाने सांगावे. सासूबाईंनी ते सांगताना तिला थांबवू नये. पतीने पाण्याची बादली उचलावी, आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जावे. बाळ कसे आहे, हे तर सगळेच विचारतात. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनीही "तुला कुठे दुखते का गं?" असे तिला कुणीतरी विचारावे, आणि तिचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे.