आठ तासांची कसोटी

(संगणक-जाळ्यांचे शिक्षण घेणारे तरुण आणि त्यांचे पालक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



परीक्षा हा शब्द उच्चारताच मध्यमवर्गीय घरात टक्क्यांची गणिते सुरू होतात. आज ज्या परीक्षेचा विचार करावयाचा आहे, तेथे टक्क्यांना मोल नाही. उभारलेले जाळे चालले पाहिजे, एवढीच तिची अट. सिस्को कंपनीची ‘सीसीआयई’ ही ती परीक्षा.

१९८४ साली अमेरिकेत लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने सिस्कोची स्थापना केली. एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्याकडे माहिती नेमक्या वाटेने धाडणारा राउटर हे तिचे मुख्य उत्पादन. हे काम खरोखर कोणास येते, हे पारखण्यासाठी १९९३ साली ही परीक्षा सुरू झाली. उत्तीर्ण होणाऱ्यास एक क्रमांक मिळतो. त्यांतील पहिला, १०२४, हा कोणा व्यक्तीस न देता प्रयोगशाळेलाच देण्यात आला! संगणकाच्या द्विमान गणितात दोनाचा दहावा घात म्हणजे १०२४. परीक्षेचे जनक स्टुअर्ट बिग्ज यांना १०२५, तर कंपनीबाहेरचे पहिले यशस्वी परीक्षार्थी टेरी स्लॅटरी यांना १०२६ क्रमांक लाभला.

आरंभी ही परीक्षा दोन दिवस चाले. परीक्षार्थीने उभारलेल्या जाळ्यात परीक्षक मुद्दाम बिघाड करून ठेवीत आणि ते त्याने शोधून दुरुस्त करावयाचे. २००१ साली ती एका दिवसावर, आठ तासांवर आली. २०२० पासून पहिले तीन तास जाळ्याच्या आराखड्याचे आणि पुढचे पाच तास ते उभारण्याचे व सांभाळण्याचे आहेत. लेखी परीक्षा त्याआधीच द्यावी लागते. पदवीची मात्र अट नाही. भारतात बंगळुरूला ही प्रयोगशाळा असल्याने पुण्या-मुंबईचे अनेक तरुण तेथेच जातात.

या परीक्षेत अवघड ते काय? एक उदाहरण घेऊ. दोन जाळी आहेत. वाटा शोधण्याच्या दोघांच्या पद्धती निराळ्या. ती दोन ठिकाणी एकमेकांस जोडावयाची आहेत. पहिल्या जाळ्याने आपल्याकडील वाट एका दाराने दुसऱ्यास सांगितली. दुसऱ्याने तीच वाट दुसऱ्या दाराने, जणू नवी म्हणून, पहिल्यास परत सांगितली. पहिल्याने विश्वास ठेवला की संपले! माहितीची पाकिटे दोहोंमध्ये गरगर फिरत राहतात आणि मुक्कामी पोचतच नाहीत. उपाय साधा आहे. वाट सांगताना ती मूळ कोठली, याची खूण तिच्यावर लावावी आणि आपलीच खूण असलेली वाट परत स्वीकारू नये. कागदावर हे चार ओळींचे उत्तर आहे. परंतु घड्याळ पुढे सरकत असता, डझनावारी राउटरांमध्ये, नेमक्या कोणत्या दारी खूण लावावयाची राहिली हे ओळखणे सरावावाचून साधत नाही. परीक्षक प्रश्नाचा अर्थ स्पष्ट करतो. उत्तराची दिशा दाखवीत नाही. कंपनीची माहितीपत्रे पाहण्याची मुभा असते, पण पाने चाळण्यास वेळ कोठला?

म्हणूनच जाणते लोक सांगतात, की आधी सर्व प्रश्न वाचावेत, जाळ्याचे चित्र काढावे, पायाची जोडणी तपासूनच वरचा मजला चढवावा आणि प्रत्येक टप्प्यावर काम जतन करावे.

येथेच मोहाची एक पायवाट फुटते. फुटलेल्या प्रश्नांचा आणि तयार उत्तरांचा बाजार आहे. ती घोकून प्रमाणपत्र मिळवू पाहणारे आहेत. त्यांनी ४ ऑक्टोबर २०२१ हा दिवस आठवावा. फेसबुकच्या अभियंत्यांनी देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्या कंपनीची जगभरातील केंद्रे एकमेकांपासून तुटली. अशी आज्ञा अडविणाऱ्या तपासणी-यंत्रणेतही दोष होता. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले. दुरुस्तीची नेहमीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने निरुपयोगी ठरली आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रात जाऊन काम करावे लागले. अशा प्रसंगी पाठ केलेले उत्तर काय कामाचे? उद्या एखाद्या रुग्णालयाचे वा बँकेचे जाळे ज्याच्या हाती सोपवावयाचे, त्याच्या प्रमाणपत्रामागे समज नसेल, तर ती फसवणूक त्याची एकट्याची राहत नाही.

आता पालकांसाठी दोन शब्द. पहिल्याच प्रयत्नात यश मिळविणारे थोडे. प्रत्येक प्रयत्नाचे शुल्क लाख रुपयांहून अधिक, प्रवास निराळा. नोकरी सांभाळून, पहाटे उठून केलेल्या दीड-दोन वर्षांच्या तयारीनंतर मुलगा वा मुलगी अपयश घेऊन घरी येते, तेव्हा ‘पैसे वाया गेले’ हे वाक्य घराने गिळावे. कोठे अडले, एवढेच विचारावे. ज्याला आपली चूक नेमकी सांगता येते, त्याची विद्या वाढलेली असते. जो ती सांगू शकत नाही, त्याने पुढची तारीख घेण्याची घाई करू नये. पुन्हा जाळे मांडावे, मोडावे, मांडावे.

मिळालेला क्रमांकही मिरविण्यापुरता नाही. ठरावीक मुदतीत ज्ञान अद्ययावत असल्याचे पुन्हा सिद्ध करावे लागते, अन्यथा मान्यता जाते. हाताला आलेली विद्या हातानेच जिवंत ठेवावी लागते. आपल्या सुतार-लोहारांच्या घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पदवीधरांच्या घरांतही ते रुजावे.